दिवाडीची फेरीबोट आणि तुझे तीन प्रश्न

पहिले दोन दिवस किनाऱ्यांवर गेले. पार्किंग शोधण्यापलीकडे त्यात सांगण्यासारखं काही नाही. बासिलिका चर्चही गर्दीतच आटोपलं. मग जुन्या गोव्यातून नदीकडे उतरताना तू एकदम विचारलंस: गोव्यातलं सगळ्यात आवडतं काय, घर म्हटलं की काय आठवतं, आणि पुढे काय व्हावंसं वाटतं? धक्क्यावर इंजिनाच्या आवाजात धड बोलणं झालं नाही, म्हणून हे.

आवडती आहे ती हीच फेरीबोट. व्हाइसरॉयची कमान ओलांडली की रस्ता थेट मांडवीत उतरतो आणि समोर दिवाडी. बेटाला पूल नाही, याचा मला मनापासून आनंद आहे. बेटावर राहणाऱ्याला नसेल, हेही कबूल. पायी माणसाला तिकीट नाही. बाहेरून आलेले लोक कठड्याला टेकून फोटो काढत राहतात आणि उतरणाऱ्यांची वाट अडवतात, तेवढं करू नकोस. ही इथल्या लोकांची एसटी आहे.

स्कूटर घेऊन चढणार असशील तर आधी पाण्याकडे बघ. ओहोटीला इथे सुकती म्हणतात. सुकतीला धक्क्याच्या उताराचा एरवी पाण्याखाली असणारा भाग उघडा पडतो, त्यावर शेवाळ आणि चिखल असतो. तिथे पुढचा ब्रेक दाबला की चाक सरकलंच. वरच वेग कमी करायचा, हँडल सरळ ठेवायचं आणि मागच्या ब्रेकवर हळूहळू उतरायचं. बोटीवर साइड स्टँड नको, धक्का लागताना गाडी आडवी होते; मधला स्टँड लाव. चारचाकीचं दुखणं वेगळं. सुकतीला बोटीची फळी आणि उतार यांच्यात कोन पडतो आणि बुटक्या गाडीचं पोट तिथे घासतं. भरती-सुकती साधारण सहा तासांनी पालटते आणि रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, म्हणून काल सोपं गेलं त्याच वेळी चार दिवसांनी जाशील तर उतार वेगळाच दिसेल. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी मात्र गाडी आणूच नकोस. त्या दिवशी बेटावर बोंदेरां, म्हणजे झेंड्यांचा उत्सव असतो आणि रांग कमानीपलीकडे जाते.

बेट आडवं ओलांडून दुसऱ्या फेरीबोटीने नार्व्याला उतरलीस की सप्तकोटेश्वर. मूळ देऊळ दिवाडीवरच होतं, कदंब राजांचं दैवत. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नदीपलीकडे आला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. तसा शिलालेख दारावर आहे. मंगेशीच्या मानाने इथे शुकशुकाट. मला तोच भावतो.

घर म्हटलं की दहा-अकराची पेज. तू हॉटेलात मागितलीस तेव्हा मऊ भात समोर आला, त्याला पेज म्हणत नाहीत. एक वाटी उकडे तांदूळ धुऊन तासभर भिजत घालायचे, सात वाट्या पाणी उकळवून त्यात सोडायचे आणि उघड्या टोपात पाऊण तास रटरटू द्यायचं. शीत फुटायला हवं, पण विरघळायला नको. कुकरमध्ये घातलंस तर लगदा होतो आणि पाण्याला चव उतरत नाही. मीठ शेवटी, तेही बेताने, कारण सोबत मिठातली तोरं, म्हणजे कोवळ्या कैऱ्या असतात.

त्या तांदळाच्या मागे तुला जे दाखवायचं राहिलं ते आहे. दिवाडीच्या कडेला नदी आणि शेत यांच्यात मातीचा बांध दिसतो ना, त्याच्या आतली ती खाजन जमीन. भरतीच्या वेळी नदीचं पाणी शेतापेक्षा उंच असतं. बांधात जागोजागी मानस असते, म्हणजे लाकडी दारांची मोरी. दारं वरच्या बाजूला अडकवलेली. भरती आली की बाहेरचं पाणी दाबून त्यांना बंद करतं, सुकती लागली की आतलं पाणी ढकलून उघडतं. माणूस नको, मोटर नको. सुकतीला मानशीच्या तोंडाला जाळं लावतात, त्यात कोळंबी मिळते. पावसात नदी गोडी होते आणि जमिनीतलं मीठ धुतलं जातं, तेव्हा कोरगूट पेरतात. हे भात थोडा खारटपणा सोसतं; साधं वाण इथे जळून जातं.

बिघडतं ते बिळापासून. खेकडा बांध पोखरतो, भोकातून पाणी झिरपायला लागतं, माती वाहते आणि एका अमावास्येच्या मोठ्या भरतीला तिथेच खिंडार पडतं. बोटभर भोक असताना चिखलाचा गोळा पुरतो. खिंडार पडल्यावर खारं पाणी शेतात शिरतं आणि मग ते मीठ निघायला पुढचे पावसाळे जातात. पूर्वी ही राखण गावकारीकडे, म्हणजे गावच्या सामाईक संस्थेकडे असायची. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती कुळांच्या संघांकडे आली, आणि ज्याचं शेतच पडीक आहे तो बांधावर कशाला फिरेल?

तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच छोटं: मानशीची दारं कुजायच्या आधी बदलली जावीत आणि बांधावरून रोज कुणीतरी चालत जावं. पूल होतो की नाही, हॉटेलं किती वाढतात, यावर मला पुष्कळ बोलता येईल, पण त्याने शेतात शिरलेलं पाणी बाहेर जात नाही.

पुढच्या खेपेला जुलैत ये. सुकती लागली की मानशीपाशी जाऊन उभी राहा. दोन्हीकडचं पाणी समपातळीला आलं की दार जरासं हलतं, मग थांबतं, पुन्हा हलतं. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, बांधावर वारा असतो. आणि परतीची शेवटची फेरी किती वाजता, ते उतरतानाच विचारून ठेव.