लेकीचा सीटी पुन्हा काढावा लागू नये म्हणून एका सीडीसाठी धावपळ: माझा अनुभव

लहान मुलाचा सीटी स्कॅन काढणार असाल, तर सेंटरमधून बाहेर पडायच्या आधी सीडी हातात घ्या. फिल्म आणि रिपोर्टच्या भरवशावर घरी येऊ नका. एवढं ठासून सांगतेय, कारण त्या एका सीडीपायी आम्हाला जो मनस्ताप झाला तो अजून उतरलेला नाही.

माझी लेक नऊ वर्षांची. खोकला हटेना म्हणून एक्स-रे काढला, उजव्या फुफ्फुसात गोल सावली दिसली. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी जिल्ह्याच्या ठिकाणी सीटी काढून आणायला सांगितलं. त्यात हायडॅटिड सिस्ट निघाली. कुत्र्याच्या विष्ठेतून जाणारी जंताची अंडी पोटात गेली की अशी पाण्याची गाठ होते. पोटाच्या सोनोग्राफीत यकृत स्वच्छ होतं. ऑपरेशनसाठी पुण्याच्या सर्जनकडे चिठ्ठी मिळाली. इथपर्यंत सगळं भराभर झालं, कुणाबद्दल काही तक्रार नाही.

पुण्यात सर्जननी फिल्म दिव्यावर लावली. एका फिल्मवर पोस्टाच्या तिकिटाएवढे चौकोन, प्रत्येकात छातीचा एक आडवा काप, म्हणजे स्लाइस. गाठ श्वासनलिकेच्या कुठल्या फांदीला लागून आहे, ते त्यात दिसेना. "मला स्लाइस स्क्रीनवर वरखाली करून बघायच्या आहेत. सीडी आहे का?" नव्हती. त्या सेंटरमध्ये सीडी द्यायची पद्धतच नव्हती. शेजारच्या ज्युनियर डॉक्टरांनी लगेच नव्या सीटीचा कागद ओढला. मी विचारलं, "सर, पहिल्याचीच सीडी आणली तर?" सर्जन म्हणाले, "आणलीत तर उत्तमच, पोरीला परत किरण कशाला द्यायचे? पण लवकर आणा. गाठ आत फुटली तर जिवावरचं रिॲक्शन येऊ शकतं."

पहिला सीटी गरजेचाच होता, त्याबद्दल माझ्या मनात कधी शंका आली नाही. पण मोठ्या माणसाच्या छातीच्या एक्स-रेत साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक) डोस जातो आणि छातीच्या सीटीत सहाच्या आसपास. लहान मुलांसाठी मशीनची सेटिंग कमी ठेवतात, ठेवायलाच हवीत, तरी तो एक्स-रेच्या कितीतरी पट राहतो. मुलांच्या वाढत्या पेशींना किरणांचा त्रास जास्त, आणि पुढचं सगळं आयुष्य त्यांच्यासमोर असतं. २०१२ साली ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा वर्षांखालच्या दहा हजार मुलांच्या डोक्याचा सीटी काढला, तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक रुग्ण जास्तीचा, असा त्यातला अंदाज होता. धोका छोटाच आहे. आजार ओळखायला तो पत्करायचा, पण कुणी सीडी देत नाही म्हणून माझ्या मुलीने तो का पत्करावा?

तर परत जिल्ह्याला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "फिल्म दिलीय ना ताई, रिपोर्ट दिलाय, आता सीडी कशाला?" सर्जननी मागितलीय म्हटलं, तर "त्यांची चिठ्ठी आणा." चिठ्ठी व्हॉट्सॲपवर मागवून दाखवली, तर "टेक्निशियन रात्रपाळीला असतो." रात्री गेलो, तर टेक्निशियन म्हणाला सरांना विचारल्याशिवाय देता येत नाही, आणि सर सकाळी येतात. सकाळी सर दुसऱ्या सेंटरला. बाकावर लेकीला मांडीवर घेऊन बसले होते, ती खोकली की माझ्या पोटात गोळा यायचा, आणि समोर काच सरकवून विचारतात, "नवीन काढायचाय का? लगेच घेतो." नवीन सीटीला लगेच नंबर, आणि काढलेल्या सीटीच्या सीडीला कुणी वाली नाही!

शेवटी एक सीडी मिळाली. आमच्या भाच्याने घरी लावून बघितली, तर आत फिल्मवरचेच चौकोन फोटो करून टाकलेले. त्याचा सर्जनना काडीचा उपयोग नव्हता. पुन्हा गेले, तेव्हा टेक्निशियनने एक गोष्ट सांगितली. मशीन जो मूळ डेटा पकडतं तो कन्सोलवर, म्हणजे मशीनच्या संगणकावर, काही दिवसच राहतो, मग त्यावर नवीन पेशंटचा चढतो. त्या मूळ डेटावरूनच हव्या तेवढ्या पातळ स्लाइस तयार करता येतात. तो उडाला आणि साठवणीत फक्त ५ मिलिमीटरच्या जाड स्लाइस असल्या, तर मग पातळ मिळणं नाही. म्हणजे ही टोलवाटोलवी चालू होती तेव्हा आमचा मूळ डेटा पुसला जायच्या वाटेवर होता, आणि हे आम्हाला एकानेही आधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी माझा संयम संपला.

नवऱ्याने साध्या कागदावर अर्ज लिहिला. पेशंटचं नाव, स्कॅनची तारीख, पावती नंबर, आणि मागणी स्पष्ट शब्दांत: "डायकॉम फॉर्मॅटमध्ये सर्व सिरीज, पातळ स्लाइससह." (डायकॉम म्हणजे स्कॅनच्या फाइलचा वैद्यकीय प्रकार, सिरीज म्हणजे स्लाइसचा एक संच.) खाली लिहिलं की मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने किंवा त्याच्या वतीने अधिकृत माणसाने वैद्यकीय नोंदी मागितल्या, तर मागणीची पोच देऊन ७२ तासांत त्या द्यायच्या असतात. दोन प्रती नेल्या. "एकीवर शिक्का मारून तारीख टाका," म्हटलं. काउंटरवरचा मुलगा शिक्का मारायला तयार होईना, अर्ज घेऊन आत गेला. आणि इतके दिवस भेटत नसलेले ते सर, म्हणजे स्कॅन वाचणारे रेडिऑलॉजिस्ट, स्वतः बाहेर आले.

त्यांनी मात्र नीट वागवलं, हेही लिहायला हवं. आम्हाला आत बोलावून त्यांनी यादीतून लेकीचं नाव शोधलं. १ मिलिमीटरची सिरीज साठवलेली होती! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. सीडी लिहून झाल्यावर मी म्हटलं, इथेच लावून दाखवा. त्यांनी लावली, माउसचं चाक फिरवलं आणि फुफ्फुस वरून खालपर्यंत सरकत गेलं. शेवटी आकड्यांचं एक पान होतं. ते डोसचं पान, म्हणाले, त्यात सीटीडीआय आणि डीएलपी, म्हणजे स्कॅनमधल्या किरणांच्या डोसचे आकडे, लिहिलेले असतात. ते मी मागून घेतलं, तिच्या फाइलला लावलंय.

पुण्यात सर्जननी ती सीडी बघितली, पुन्हा सीटी लागला नाही. ऑपरेशन झालं, लेक बरी आहे. पुढच्या तपासण्या त्यांनी एक्स-रे आणि सोनोग्राफीवर भागवल्या. मी विचारल्यावर म्हणाले, जिथे सोनोग्राफीने कळतं तिथे मी किरण वापरत नाही.

आठवेल तसं लिहितेय. पोच घेतल्याशिवाय अर्ज सोडू नका. मोबाइलवर लिंक पाठवतो म्हणाले तर त्याच दिवशी सगळं उतरवून घ्या, काही लिंक थोड्या दिवसांत बंद पडतात. स्कॅनच्या आधी "लहान मुलाची सेटिंग लावली ना?" असं विचारायला लाजू नका, चांगला टेक्निशियन त्याचा राग मानत नाही. छातीचा सीटी असेल तर मुलाकडून घरीच श्वास रोखून धरायची सवय करून घ्या. मूल हललं की चित्र हलतं आणि स्कॅन पुन्हा घ्यावा लागतो, म्हणजे डोसही पुन्हा. लेकीबरोबर आम्ही ते खेळासारखं केलं होतं आणि तिचं एका दमात झालं. मुलाला हुक-चेनवाले कपडे घालू नका. एक्स-रेला मुलाला धरायला आत थांबावं लागलं तर शिशाचा ॲप्रन मागा, आणि दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल तर आधी सांगा, धरायला दुसऱ्या कुणाला पाठवा.

आणि सीडी मिळाली की तिची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा. आमच्या सीडीवर आत्ताच चरे पडलेत.