रत्नागिरीत बसून यूएक्स: पहिल्या पोर्टफोलिओचा हिशेब

यूएक्स डिझाइन (ॲप किंवा वेबसाइट वापरायला सोपी करणं) शिकायला मुंबई-पुण्याला जावंच लागतं का, हा प्रश्न कोकणातली मुलं नेहमी विचारतात. पदवीसाठी जायचं असेल तर वाट स्पष्ट आहे: बारावीनंतर यूसीड, पदवीनंतर सीड. डिझाइनच्या या दोन्ही प्रवेश परीक्षा आयआयटी मुंबई घेते. मी परीक्षेच्या वाटेने गेलो नाही. घरी बसून पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या कामाचा संग्रह, तयार केला, त्याची ही नोंद.

साधनं थोडीच लागली. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप, फिग्माचं (स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर) मोफत खातं, कोरे ए-४ कागद. फिग्मा ब्राउझरमध्ये चालतं, म्हणजे नेट हवं. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात. उघडलेल्या फाइलमध्ये नेट गेल्यावरही काम करता येतं आणि नेट आल्यावर बदल वर चढतात, पण तेवढ्यात टॅब बंद करू नये. आधी न उघडलेली फाइल मात्र उघडत नाही. म्हणून काम संपलं की फाइलची एक प्रत लॅपटॉपवर उतरवून ठेवायची सवय लावली.

विषय निवडताना बहुतेक जण चुकतात. एखाद्या नावाजलेल्या ॲपला नवे रंग चढवतात आणि त्याला केस स्टडी (एका कामाची अडचणीपासून उत्तरापर्यंतची मांडणी) म्हणतात. त्या ॲपचे वापरकर्ते भेटत नाहीत, आतल्या अडचणी कळत नाहीत, मग कारणं मनाने रचावी लागतात. मी विषय म्हणून हापूसच्या पेट्यांची नोंदणी घेतली. बागायतदार फोनवर आणि व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेतात, वहीत लिहितात, आणि गोंधळ नेमका कुठे होतो ते समोर बसून पाहता येतं.

मुलाखतींची वेळ सांभाळावी लागते. एप्रिल-मेमध्ये बागायतदाराकडे वेळ मागू नये. काढणी, वर्गवारी, पेट्या भरणं यात त्याचा दिवस जातो. भाताची लावणी उरकली की माणसं निवांत बोलतात. गिऱ्हाईक भेटायला गणपतीसारखे दिवस नाहीत: पेट्या मागवणारे चाकरमानी तेव्हा गावातच असतात. ‘असं ॲप असेल तर वापराल का?’ हा प्रश्न विचारूच नये, सगळे हो म्हणतात. ‘मागच्या वेळी पेटी कशी मागवली, पहिल्यापासून सांगा’ असं विचारलं की खरी अडचण बाहेर येते. रेकॉर्डिंग करायचं तर आधी परवानगी.

या बोलण्यातून मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट एका शब्दाची होती. पहिल्या आराखड्यात मी फळासाठी ‘तयार’ असं बटण ठेवलं होतं. बागायतदाराला त्याचा अर्थ ‘काढणीला तयार’ असा लागला, गिऱ्हाइकाला ‘खायला तयार’ असा. ‘आढी’ (आंबे पिकवण्यासाठी गवतात रचून ठेवणं) हा शब्द शहरात वाढलेल्या मुलांना ठाऊकच नव्हता. शेवटी दोन पर्याय राहिले: ‘आज खाता येतील’ आणि ‘घरी पिकवावे लागतील’. तारखेचंही तसंच. ‘तारीख निवडा’ म्हटल्यावर कोणी पेटी पोहोचायची तारीख धरली, कोणी आंबा खायची. प्रश्नच ‘पेटी कधी हवी?’ असा केला, तेव्हा घोळ मिटला.

क्रम असा ठेवला: ए-४ दोनदा दुमडून चार चौकटी, त्यात पेन्सिलीने स्क्रीन, मग फिग्मात फोनच्या मापाच्या, ३६० रुंदीच्या फ्रेमवर राखाडी वायरफ्रेम (रंगांशिवायचा कच्चा आराखडा), मग प्रोटोटाइपची (दाबून पाहता येणाऱ्या नमुन्याची) लिंक फोनवर. चाचणीला पाच जण घेतले. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब निल्सन यांनी २००० साली मांडलेला हा आकडा अशा छोट्या फेरीला पुरतो, कारण त्याच त्या अडचणी लवकरच पुन्हा दिसू लागतात. काम सांगायचं, ‘दोन डझनांची पेटी पुण्याला मागवा’, आणि गप्प बसायचं. बोट कुठे थबकतं तेवढं लिहायचं. मदत केली की चाचणी वाया.

देवनागरीवर मी सर्वात जास्त वेळ घातला, आणि तो घालावाच. इंग्रजीसाठी बनवलेल्या मांडणीत मराठी ओतली की ओळी अडकतात: वरची वेलांटी-रफार आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात. १६ आकाराला ओळीची उंची २४ ते २६ ठेवली. अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवावं, वाढवलं की शिरोरेषा तुटते. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे मथळा वेगळा दाखवायचा तो आकाराने आणि जाडीने. फॉन्ट मुक्ता घेतला. तो मोफत आहे आणि त्यात सात जाड्या मिळतात. बटणाला ठरावीक रुंदी देऊ नये, फिग्मातलं ऑटो लेआउट लावून मजकुराप्रमाणे वाढू द्यावी. फिकट राखाडी अक्षरं खळ्यातल्या उन्हात दिसत नाहीत. डब्ल्यूसीएजी ही सुलभतेची नियमावली साध्या मजकुराला अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५:१ फरक मागते. आंबे हाताळताना हाताला चीक असतो, म्हणून बटणं अँड्रॉइडच्या शिफारशीप्रमाणे किमान ४८ डीपीची (डीपी हे अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप).

पोर्टफोलिओत तीन केस स्टडी पुरतात, दोन चांगल्या असतील तर दोनच. प्रत्येकीत अडचण कोणाची, चाचणीत काय फसलं आणि त्यामुळे कोणता निर्णय बदलला, हे आधीच्या-नंतरच्या चित्रांसह दाखवावं. चिकटवलेल्या रंगीत चिठ्ठ्यांचे फोटो वाचणाऱ्याला काहीच सांगत नाहीत. ‘तयार’ची गोष्ट मी पहिल्याच पानावर ठेवली.

बाहेरचं काम घेताना स्क्रीन किती, दुरुस्तीच्या फेऱ्या किती (मी दोन धरतो) आणि निम्मी रक्कम आगाऊ, हे लिहून घ्यावं. मुलाखतीआधी घरी करायचं काम दिलं तर किती तास अपेक्षित आहेत ते विचारावं आणि तेवढेच द्यावेत. मुलाखत बहुधा व्हिडिओ कॉलवर असते. पोर्टफोलिओची पीडीएफ आदल्या दिवशीच पाठवावी, फोन पूर्ण चार्ज करून हॉटस्पॉट तपासून ठेवावा. जुलैत तर दुसऱ्या कंपनीचं सिमही हाताशी असावं.