सकाळची पोटदुखी

माझी मुलगी अकरा वर्षांची असताना शाळेच्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या तिचं पोट दुखायला लागायचं. रविवारी कधीच नाही. सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या तेव्हा मी तिला म्हणाले, "बघ, काही झालेलं नाहीये तुला." ते वाक्य आठवलं की आजही वाईट वाटतं, कारण तिला खरंच दुखत होतं. भीतीने शरीरात ॲड्रेनालिन वाढतं, पचनसंस्थेकडचं रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं आणि पोटात कालवाकालव होते. हे डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं आणि समुपदेशकांचं नाव सुचवलं.

मुलगी यायला अजिबात तयार नव्हती. समुपदेशक म्हणाल्या, "राहू दे तिला. तुम्ही दोघं या." त्या 'स्पेस' नावाच्या, मुलांच्या भीतीवरच्या उपचारपद्धतीने काम करत होत्या. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांची ही पद्धत. यात भेटी फक्त पालकांच्या होतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, १२४ मुलांच्या अभ्यासात या पद्धतीचा गुण मुलांना थेट दिलेल्या सीबीटीइतकाच (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा समुपदेशनाचा उपचार) आला होता. "म्हणजे चूक आमचीच का?" नवऱ्याने विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही. तिची भीती तुमच्यामुळे आलेली नाही. पण तिचं वागणं आपल्या हातात नाही, तुमचं आहे."

पहिला आठवडा नुसतं लिहायचं होतं: तिच्या भीतीपायी आम्ही काय काय करतो. यादी बघून मीच गप्प झाले. मधल्या सुट्टीत मी शाळेच्या फाटकाशी उभी राहायचे. तिच्या वतीने बाईंशी मीच बोलायचे. आणि "आई, तू नक्की येशील ना न्यायला?" या प्रश्नाला एका सकाळी मी सतरा वेळा उत्तर दिलं होतं. दर उत्तराने तिला मिनिटभर बरं वाटायचं, आणि तेवढ्यानेच पुढचा प्रश्न तयार व्हायचा.

आम्ही फक्त हा प्रश्न निवडला. तिला चिठ्ठी लिहून आधीच सांगितलं: सोमवारपासून उत्तर एकदाच. त्यानंतर एवढंच म्हणायचं, "तुला भीती वाटतेय हे मला कळतंय. आणि तू ती निभावून नेशील याची मला खात्री आहे." दोन्ही वाक्यं हवीत. नुसतं पहिलं म्हटलं तर कीव होते, नुसतं दुसरं म्हटलं तर हुकूम.

पहिले काही दिवस फार कठीण गेले. ती रडली, तिने चिठ्ठी फाडली, "तुला माझी काळजीच नाही" म्हणाली. मी आत जाऊन नळ सोडून रडले. त्या आठवड्याच्या भेटीत समुपदेशकांनी आधी मला विचारलं, "तुम्हाला झोप लागते का?" इतक्या महिन्यांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. पुढची दहा मिनिटं मी फक्त स्वतःबद्दल बोलले, आणि तेवढ्या बळावर पुढचा आठवडा काढला.

तिसऱ्या आठवड्यातली एक सकाळ. ती दाराशी बसून बुटाची नाडी बांधत होती, सोडत होती, पुन्हा बांधत होती. तिने प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं. तिने पुन्हा तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. मग नाडीची गाठ घट्ट ओढली आणि दप्तर उचललं.

फाटकाशी उभं राहणं आम्ही त्यानंतर महिन्याभराने सोडलं. परीक्षेच्या दिवशी पोट अजूनही दुखतं तिचं. मी पोटावर हात ठेवते, आणि आम्ही वेळेवर निघतो.