एक्स-रे नॉर्मल आहे, मग सोनोग्राफी कशाला?

"डॉक्टर, सोनोग्राफी पोटाची करतात ना? घोट्यात काय दिसणार? आणि एक्स-रे तर नॉर्मल आलाय." पाय मुरगळलेला जवळजवळ प्रत्येक पेशंट टेबलावर चढता चढता हे विचारतो. तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

एक्स-रेत हाड दिसतं. पाऊल आत वळून मुरगळलं की बहुतेक वेळा दुखावतं ते बाहेरच्या बाजूचं, फिब्युलापासून (नडगीशेजारचं बारीक हाड) टॅलसकडे (घोट्यातलं हाड) जाणारं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा. जाडी जेमतेम 2 मिलिमीटर. आपण सरसकट 'शीर दुखावली' म्हणतो त्यात लिगामेंट, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), नर्व्ह (मज्जातंतू) सगळंच आलं, आणि एक्स-रेत यातलं काही धड दिसत नाही. हे सगळं कातडीच्या अगदी जवळ असतं, म्हणून सोनोग्राफीचा कातडीवर टेकवायचा, 10 ते 18 मेगाहर्ट्झ इतक्या उच्च फ्रिक्वेन्सीचा प्रोब टेंडनचे धागेसुद्धा दाखवतो. मात्र हात सरळ हवा. प्रोब जरा कलला की धडधाकट टेंडन काळं, फाटल्यासारखं दिसतं. म्हणून मी तीच जागा पुन्हा पुन्हा, कोन बदलून बघते.

एक कबड्डी खेळणारी मुलगी आली होती. एमआरआयही नॉर्मल. "पण मॅडम, वळताना इथे कट् होतं," म्हणत तिने घोट्याच्या बाहेरच्या हाडामागे बोट ठेवलं. मी तिथेच प्रोब टेकवला, अगदी हलका. दाबला असता तर टेंडन जागीच धरून ठेवलं गेलं असतं. "आता पाऊल वर ओढ आणि बाहेर वळव." पडद्यावर त्या हाडामागून जाणारं पेरोनियल टेंडन हाडावरून घसरून पुढे आलं, पाय सैल सोडताच मागे गेलं. "हेच ते!" ती ओरडलीच. एमआरआयमध्ये तिचा पाय स्थिर होता, घसरणार कसं?

हाडाच्या आत मात्र मला दिसत नाही. टॅलसच्या कूर्चेखालची इजा, हाडातली सूज यांची शंका आली तर एमआरआय करा असं मीच लिहून देते.

आणि हो, येताना दोन्ही मोजे काढायची तयारी ठेवा. तुलनेसाठी चांगल्या पायाचं लिगामेंट किती जाड आहे, हे मला आधी बघायचं असतं.