दाव्याची गाठ

२२ जुलै २०२१. चिपळूणला पहाटे वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा आम्ही भिंतीवरची २००५ ची खूण धरून होतो. त्याच्या वर कशाला जाईल? गेलं. सासऱ्यांना माळ्यावर चढवून मी गोठ्याकडे धावले. नंतर कुणालाही हे सांगताना मी गोठ्यापासून थेट दुपारच्या बोटीवर यायची. मधलं काही बोलायचीच नाही.

चिखल निघाला, पंचनामे झाले, भिंतींना रंग लागला. पण पत्र्यावर पाऊस वाजला की छातीत धडधडायचं. रात्री दोनदा उठून बॅटरी घेऊन ओट्याच्या पायऱ्या बघायची, पाणी कितव्या पायरीला आलंय म्हणून. जानेवारीतसुद्धा. ओल्या सुतळीचा वास आला की अंगाला दरदरून घाम सुटायचा.

गावातल्या एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. आठ महिने घेतली. झोप लागायची, दुखणं तसंच राहायचं. या गोळ्यांची सवय लागते आणि मूळ आजारावर त्यांचा उपाय नाही, हे तेव्हाच कुणीतरी सांगायला हवं होतं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी मामेबहीण मला पुण्याला घेऊन गेली. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांनी सगळं ऐकून घेतलं आणि आजाराचं नाव सांगितलं: पीटीएसडी, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मनात राहून गेलेल्या भीतीचा आजार. त्यावरची सर्ट्रालिन ही गोळी सुरू झाली, आधी २५, मग ५० मिलिग्रॅम. पहिला आठवडा मळमळीत गेला, फरक पाचव्या आठवड्यात जाणवला. झोपेची गोळी एकदम बंद न करता हळूहळू कमी केली.

खरं काम झालं ते थेरपी देणाऱ्या मॅडमकडे. ईएमडीआर नावाची, डोळ्यांच्या हालचालींची पद्धतही असते. पण आमच्या मॅडम प्रोलाँग्ड एक्स्पोजर करायच्या, म्हणजे ज्याची भीती वाटते ते टाळायचं नाही, त्याला पुन्हा पुन्हा सामोरं जायचं. दर आठवड्याला दीड तास. डोळे मिटून तो दिवस आत्ता घडतोय असा सांगायचा, मोबाइलवर रेकॉर्ड करायचा आणि घरी रोज ऐकायचा. मधेच त्या विचारायच्या, "आता किती?" भीती ० ते १०० मध्ये सांगायची. पहिल्या दिवशी मी ९५ म्हणाले.

चौथ्या वेळी त्यांनी विचारलं, "ताई, गोठ्यातून माळ्यावर कशा आलात?"

गाठ सुटत नव्हती. दावं भिजून फुगलं होतं, नखं आत जात नव्हती. कोयता स्वयंपाकघरात. गायीचा श्वास मनगटावर गरम लागत होता. मी हात काढून घेतला.

"हात काढलात तेव्हा पाणी कुठवर होतं?"

"छातीला."

"आणि सासरे?"

"वरून हाका मारत होते."

पुढे त्या काही बोलल्या नाहीत. ते रेकॉर्डिंग मी आठवडाभर गच्चीवर बसून ऐकलं. गाय मी मारली, असं दीड वर्ष मनात धरून होते. सहाव्या दिवशी "छातीला" हा माझाच शब्द मला पहिल्यांदा नीट ऐकू आला, आणि मी खूप रडले.

घरच्या अभ्यासाची यादी वेगळी होती. कोरडी सुतळी हातात धरणं, मग ती भिजवून गाठ मारणं, पावसात पत्र्याखाली बसणं, सगळ्यात शेवटी वाशिष्ठीच्या पुलावर उभं राहणं. नियम एकच, भीती उतरायच्या आत उठायचं नाही. मॅडम म्हणायच्या, "मधेच उठलात तर शरीराला वाटतं, पळालो म्हणून वाचलो." पुलावर पहिल्यांदा पाऊण तास लागला. सासरे सोबत होते, कठडा धरून, एक शब्द न बोलता.

एकूण बारा सत्रं झाली, शेवटची तीन व्हिडिओवर. सर्ट्रालिन पुढे वर्षभर घेतली. पुण्या-मुंबईला जाणं ज्यांना जमत नाही त्यांनी निदान टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

अतिवृष्टीचा इशारा आला की अजून झोप उडते, पण पायऱ्या मोजायला उठत नाही. गेल्या जूनमध्ये शेजारच्या वहिनींच्या गोठ्यात गेले आणि त्यांना दाव्याला सुरगाठ मारायला शिकवली. एक टोक ओढलं की ती सुटते, भिजलेली असली तरी.