कूळ कागदावर, परीक्षा माळावर

इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थम्बरलंडमधल्या आमच्या गावाजवळच चीव्हियट टेकड्या सुरू होतात. तिथे उन्हाळ्यात शीपडॉग ट्रायल, म्हणजे मेंढरं राखणाऱ्या कुत्र्यांची स्पर्धा भरते. एक माणूस, बॉर्डर कॉली जातीचा एक कुत्रा आणि लांब माळावर सोडलेली चार-पाच मेंढरं. चार वर्षं मी ती नुसती बघत आले. या वेळी शेजारच्या मेंढपाळ आजोबांनी मला जवळ बसवलं, हातात पेन्सिल दिली आणि सांगितलं, प्रत्येक कुत्र्याचे गुण तूही मांड, मग माझ्याशी ताडून बघ.

सुरुवात 100 पासून, चुकलं की वजा. मोठा वळसा घालून मेंढरांच्या पाठीमागे पोचायचे 20 गुण, त्यांना जागचं हलवायचे, म्हणजे ‘लिफ्ट’चे 10, धन्याकडे सरळ आणायचे 20, फाटकांमधून हाकत न्यायचे 30, कळपातून मेंढरू वेगळं काढायचे 10 आणि कुंपणात घालायचे 10. मी तीस गुणांच्या हाकण्यावर नजर ठेवून होते. आजोबांचा सगळा जीव त्या 10 गुणांच्या ‘लिफ्ट’मध्ये. कुत्रा पाठीमागे येऊन थबकतो, मेंढरं माना वर करतात, तो क्षण. उधळली तर कुत्र्याने दाब जास्त टाकला, ढिम्म राहिली तर त्याच्यात दम नाही. बाकीचं शिकवता येतं, हे आईबापांकडूनच यावं लागतं, असं आजोबा म्हणतात. दिवसभर बघून मलाही ते पटलं.

आणि मग गाडी कुळावर आली. आपल्याकडे खिलार खोंड बघताना पहिला प्रश्न ‘वळू कुणाचा?’ असतो ना, अगदी तसंच.

आजच्या जवळजवळ सगळ्या बॉर्डर कॉलींचं मूळ याच जिल्ह्यातल्या ओल्ड हेम्पपर्यंत जातं. 1893 साली ॲडम टेल्फर यांच्याकडे जन्मलेला हा कुत्रा. त्याची आई मेग लाजाळू, पण नजर इतकी करडी की मेंढरं खिळून राहावीत. बाप रॉय मनमोकळा, नजरेने सौम्य. दोघांतलं नेमकं हवं ते हेम्पमध्ये उतरलं. तो शांतपणे, न भुंकता काम करायचा आणि लोकांना तसेच कुत्रे हवेसे झाले. 1906 मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल शीपडॉग सोसायटी आजही वंशावळीची नोंद ठेवते. तिथे रंग, कान, केस यांना मोल नाही. कागद नसलेला कुत्राही कामाची परीक्षा आणि डोळ्यांची तपासणी पार करून नोंदवहीत येऊ शकतो. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

दुसरं नाव विस्टन कॅपचं. जॉक रिचर्डसन यांच्या या कुत्र्याने 1965 मध्ये, वयाची दोन वर्षंही पुरी झालेली नसताना, इंटरनॅशनल सुप्रीम ही सगळ्यात मानाची ट्रायल जिंकली. तिथे आधी दहा मेंढरं आणायची, ती सोडून पुन्हा मागे फिरून दुसरी दहा आणायची आणि शेवटी वीसमधून गळ्यात पट्टा बांधलेली पाच निवडायची. कॅपच्या पोरांनी आणि नातवंडांनीही पुढे सुप्रीम जिंकली. साहजिकच जो तो आपली कुत्री त्याच्याकडे नेऊ लागला आणि त्याचं रक्त जवळपास प्रत्येक वंशावळीत शिरलं. एकाच नराकडे सगळे वळले की त्याच्या गुणांसोबत लपलेले दोषही पसरतात. या जातीत डोळ्यांचा एक आनुवंशिक आजार आहेच. म्हणून कागद बघताना आजोबा आधी कॅपसारखं एकच नाव दोन्ही बाजूंनी किती वेळा येतं ते मोजतात. करंडक त्यानंतर.

करंडकांबद्दल त्यांचं म्हणणं सरळ आहे. नराला दूरदूरच्या ट्रायलना नेतात, त्याचं नाव होतं. मादी पिल्लं वाढवते, एप्रिलमध्ये मेंढ्या वितात तेव्हा चिखलात राबते, तिच्या नावापुढे काहीच छापलेलं नसतं. निम्मं रक्त मात्र तिचंच.

गेल्या महिन्यात त्यांनी एका विजेत्याचं पिल्लू नाकारलं, कारण आईला काम करताना कुणी दाखवेना. आठवड्याभराने आम्ही दुसऱ्या शेतावर गेलो. पाऊस पडत होता. एक आडमुठी मेंढी कोकराला पाठीशी घालून पाय आपटत होती आणि समोर ती काळी कुत्री मान खाली घालून उभी होती. भुंकली नाही, चावायला गेली नाही. एक पाऊल पुढे, थांबली. पुन्हा एक पाऊल. मेंढीने नजर वळवली आणि कोकरासकट फाटकातून आत गेली.

आजोबांनी बापाचं नाव तोवर विचारलंही नव्हतं. मालकाकडे वळून ते एवढंच म्हणाले, हिची एक मादी माझ्यासाठी ठेवा.