आजच्या चर्चमधल्या प्रीतिभोजनातल्या (उपासनेनंतरच्या एकत्र जेवणातल्या) सगळ्या व्हॉलंटियर्सना मनापासून थँक्यू

उपासना झाली, सगळे पोटभर जेवून गप्पा मारत घरी गेले, पण किचनमधली टीम तेव्हाही मोठी पातेली घासत होती, म्हणून ही पोस्ट त्यांच्यासाठी. पहाटेपासून भाज्या चिरणारे, खुर्च्या मांडणारे, आणि आमची तरुण संघाची पोरं, ज्यांनी वाढताना एकदाही कुणाला "आता संपलं" असं म्हटलं नाही. पहिल्यांदाच आलेल्या एक आजी कोपऱ्यात एकट्या बसल्या होत्या, तर एक मुलगी स्वतःचं ताट घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसली, कुणी सांगितलं नव्हतं हो तिला! मला तर भरूनच आलं.

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जातंय अशी कुरकुर झाली तेव्हा मंडळीने, म्हणजे तेव्हाच्या चर्चने, सात जण निवडले, पहिला ख्रिस्ती हुतात्मा मानला जाणारा स्तेफन त्यातलाच, म्हणजे पंगतीची सेवा तेव्हापासून किती महत्त्वाची मानलीये बघा.

आजारी मंडळींच्या घरी डबे पोचवणाऱ्यांचेही खूप आभार. आणि ज्यांची भांडी चर्चमध्ये राहिलीत त्यांनी पुढच्या रविवारी आठवणीने घेऊन जा, सगळी धुऊन ठेवलीयेत.